इझेनहाइमचा क्रूस

मथिआस ग्र्युनेवाल्डने रंगवलेला क्रूसावरचा ख्रिस्त पाहवत नाही. अंग हिरवट पडलेलं, कातडीभर जखमा, जखमांत रुतून राहिलेले काटे, ओठ निळे. खिळ्यांभोवती हातांची बोटं वेडीवाकडी ताठरली आहेत. देहाच्या भाराने क्रूसाचं आडवं लाकूड वाकलं आहे. मागे काळोख. युरोपातल्या कित्येक चित्रांत क्रूसावरचा देहही सुडौल आणि शांत असतो. इथे मरणाला कसलीही सजावट नाही.

हे वेदीचित्र सुमारे १५१२ ते १५१६ या काळात अल्सासमधल्या इझेनहाइमच्या मठासाठी घडलं. तिथले अंतोनी पंथाचे साधू ‘संत अंतोनीचा अग्नी’ झालेल्यांची शुश्रूषा करत. राय या धान्यावरच्या बुरशीमुळे तो रोग होई. अंगाची आग होई, हातपाय काळे पडत, कापावेही लागत. अशा रोग्याने मान वर केली की त्याला आपलीच कातडी देवपुत्राच्या अंगावर दिसे.

चित्राचं मर्म मला इथे सापडतं. क्रूस म्हणजे माणसाच्या पापांसाठी झालेलं बलिदान, ही शिकवण ग्र्युनेवाल्ड सोडत नाही. पायथ्याशी कोकरू उभं आहे आणि त्याच्या छातीतलं रक्त मिस्साच्या चषकात पडतं आहे. पण रोग्याला ही शिकवण उमगण्याआधी सोबत मिळते. त्याच्या वेदनेचं कारण कुणी सांगत नाही. देव स्वतः त्या वेदनेत उतरलेला असतो. क्रूसाचं चित्र वेदीच्या मिटणाऱ्या दारांवर आहे; ती उघडताना मधली फट ख्रिस्ताच्या देहाच्या बाजूने जाई आणि त्याचा एक हात धडापासून वेगळा होई. हात गमावलेल्यांसाठी हे मुद्दाम योजलं असावं, असं मला वाटतं.

उजवीकडे बाप्तिस्मा करणारा योहान उभा आहे. खरं तर त्याचा शिरच्छेद आधीच झाला होता. इतिहासाच्या हिशेबात त्याला इथे जागा नाही. तरी तो अनवाणी उभा आहे, एका हातात उघडा ग्रंथ, दुसऱ्या हाताचं लांबलचक बोट ख्रिस्ताकडे. डावीकडे मरियेची शुद्ध हरपते आहे, मग्दालिया हात पिळते आहे. योहान मात्र रडत नाही, फक्त दाखवतो. धर्मचिंतक कार्ल बार्थ यांनी या चित्राची प्रत आपल्या लिहिण्याच्या मेजासमोर लावली होती, आणि या बोटाबद्दल ते पुन्हा पुन्हा बोलत. साक्ष देणाऱ्याने किती करायचं आणि कुठे थांबायचं, हे त्या बोटाइतकं नेमकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

दारांच्या आत पुनरुत्थान आहे. तिथे ख्रिस्ताची कातडी नितळ झाली आहे, पण खिळ्यांच्या खुणा पुसलेल्या नाहीत; त्या उजळल्या आहेत.

चित्र आज कोलमारच्या उंटरलिंडन संग्रहालयात आहे. फळ्या सुट्या मांडल्यामुळे क्रूस आणि पुनरुत्थान एकाच फेरीत पाहून होतात. मठात एरवी दारं मिटलेली असत, आतली चित्रं सणावारीच दिसत. संग्रहालयात जाणं झालं, तर रोग्यांच्या क्रमाने पाहा. आधी क्रूसासमोर बराच वेळ थांबा.