डावीकडची दोन पेडलं

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकायला बसण्याआधी एकदा डावीकडचा पुढचा दरवाजा उघडून खाली नजर टाकावी. तिथे दोन पेडलं दिसतील, क्लच आणि ब्रेक. आपल्याकडे जिला सगळे ‘रेस’ म्हणतात ती मात्र तिथे नसते. म्हणजे गाडी थांबवायचा हक्क शिकवणाऱ्याला आहे, पळवायचा फक्त शिकणाऱ्याला. हा वाटा ज्या कुणी मेकॅनिकने पहिल्यांदा घातला त्याला शिक्षणशास्त्राची पदवी नसेल, पण शिक्षकाच्या हाती काय असावं आणि काय नसावं हे त्याने लोखंडात इतकं नेमकं लिहून ठेवलंय की दाद द्यावीशी वाटते.

आता त्या पेडलांचं रबर बघा. शिकणाऱ्याच्या बाजूचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असतं, तर चांगल्या शाळेच्या गाडीत डावीकडच्या ब्रेकवरच्या रेघा अजून शाबूत असतात. झिजलेली असते ती डावीकडची मॅट, शिक्षकाची टाच जिथे टेकते तेवढी जागा. याचा अर्थ उघड आहे. पाय वर्षानुवर्षं ब्रेकवर तयार होता आणि क्वचितच दाबला गेला. ज्या गाडीत डावीकडचं रबरही सपाट झालंय, तिथे विद्यार्थ्याऐवजी शिक्षकच गाडी चालवतोय असं खुशाल समजावं. तबलजीने गायकाला सांभाळून घ्यावं पण समेवर स्वतः उडी मारू नये, तसा हा संयम आहे. आणि तो मॅटच्या भोकात वाचता येतो, ही मला त्यातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

जिथे दोन्हीकडची पेडलं एकाच रॉडला जोडलेली असतात, तिथे आणखी एक गंमत घडते. विद्यार्थ्याने क्लच दाबला की शिक्षकाच्या तळव्याखालचा क्लचही खाली जातो. त्यामुळे मुरलेला शिक्षक समोर रस्त्याकडे बघत असतो आणि शेजारच्याचा पाय तळव्याने वाचत असतो. पाय थरथरतोय, अर्धवट अडकलाय, की घाईने सुटणार आहे, हे त्याला इंजिनाच्या आवाजाआधी कळतं. बघणाऱ्याला वाटतं, ‘यांना कसं कळलं बुवा!’ जादू वगैरे काही नाही, रॉड आहे. पण रॉडमधून आलेलं ऐकायला वीसेक वर्षांचा पाय लागतो.

हे रसग्रहण कुण्या एका प्रसिद्ध संस्थेचं नाही. नशिराबादसारख्या गावातून, जळगाव-भुसावळ रस्त्याच्या कडेने, एका शटरच्या दुकानात चालणाऱ्या आणि बापाकडून मुलाकडे आलेल्या शाळांच्या कारागिरीचं आहे. या धंद्याला घराची ओढ पहिल्यापासूनच दिसते. इंग्लंडातली ‘ब्रिटिश स्कूल ऑफ मोटरिंग’ १९१० साली स्टॅन्ली रॉबर्ट्स यांनी लंडनच्या पेकहॅम राय भागात आईवडिलांच्या घरीच सुरू केली. पुढे ती अवाढव्य झाली. आपल्याकडच्या शाळा वाढल्या नाहीत, एका घरात मुरल्या. थोरल्याला अख्खं गाव आप्पा म्हणतं, मुलाला विद्यार्थी ‘सर’ म्हणतात. एवढ्या फरकातही दोन काळ दिसतात.

या दोन पिढ्यांमधली रेघ कायद्याने फार सुबक ओढली आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालचे केंद्रीय नियम १ जुलै १९८९ पासून लागू झाले. नियम २४ म्हणतो की शिकवणारा किमान दहावी पास हवा, त्याला गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव हवा आणि मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र हवं. पण त्याच नियमाला एक परंतुक जोडलेलं आहे. नियम लागू होण्याच्या लगेच आधी जो किमान पाच वर्षं शिकवत होता, त्याला या अटी नाहीत. सरकारी भाषेत इतकी माणुसकी क्वचित सापडते. ज्याचं विद्यापीठ ट्रकचं केबिन होतं तो आप्पा त्या परंतुकातून आत आला, मुलाला मात्र आयटीआयची पायरी चढावी लागली. शिक्षकाच्या खुर्चीमागे एक फ्रेम केलेलं प्रमाणपत्र आणि शेजारी त्याहून जुना, प्रमाणपत्र नसलेला, हार घातलेला फोटो दिसला, तर कुटुंबाचा इतिहास वेगळा विचारायला नको.

त्या दुकानाच्या भिंतीही वाचण्यासारख्या असतात, कारण त्यांच्यावर काय असावं हेही नियमानेच ठरवलंय. फळा, नमुना सिग्नलांसह रस्त्याचा आराखडा, वाहतूक चिन्हांचा तक्ता, पोलिसांच्या हातवाऱ्यांचा तक्ता, गाडीच्या सगळ्या भागांचा तक्ता. शिवाय इंजिनाचा गिअरबॉक्स, ब्रेक शू आणि ड्रम, पंक्चर किट, जॅक, हवा मोजायचं गेज, पाने, प्रथमोपचाराची पेटी. बहुतेक ठिकाणी हे सामान तपासणीपुरतं झटकलं जातं. जिथे गिअरबॉक्सला खरोखर ग्रीसचा काळा हात लागलेला असतो आणि मुलं दात्यात दाते अडकवून बघतात, तिथे दुसऱ्याच दिवशी गिअर टाकताना खरखर निम्म्याने कमी होते. लोखंड आधी हाताला कळलं की गिअर टाकताना दांडीशी झटापट होत नाही.

आता धड्याकडे. पहिल्या दिवशी चांगला शिक्षक रेसला पाय लावूच देत नाही. सपाट जागा, इंजिन चालू, पहिला गिअर. मग आवाज येतो तो या भागातल्या बोलीतला, जिथे ‘ळ’चा ‘य’ होतो. “दाबा. पुरा दाबा. आता हयूहयू सोडा... हयू... बस. तिथंच धरा.” इंजिनाचा सूर किंचित खाली उतरतो, बोनेट जरासं उचलल्यासारखं होतं आणि रेस न देता गाडी मुंगीच्या पावलांनी निघते. तेव्हा कुठे आप्पा सांगतात, “याला हाफ क्लच म्हणतात.” क्रम बघा. आधी तळव्याला अनुभव, मग कानाला नाव. पुस्तकी शिक्षक नेमकं उलटं करतो आणि विद्यार्थी ‘हाफ’ म्हणजे पेडलाचा अर्धा प्रवास समजून गाडी बंद पाडत बसतो. आप्पांच्या ‘हयू’ची लांबीसुद्धा मोजूनमापून असते. पाय जितका सावकाश सुटायला हवा तितकाच तो शब्द ताणलेला असतो.

शब्दांची ही काटकसर पुढेही ऐकण्यासारखी आहे. समोर बैलगाडी आली की कच्चा शिक्षक “ब्रेक! ब्रेक!” ओरडतो, विद्यार्थी घाबरून दोन्ही पाय गाडतो आणि मागचा ट्रक हॉर्नवर झोपतो. मुरलेला म्हणतो, “रेस सोडा.” एवढंच. पाय रेसवरून उठला की तो ब्रेकवर जायला मोकळा होतो आणि गाडी तोवर आपसूक मंदावते. अर्ध्या सेकंदाचा विचार दोन शब्दांत बसवलाय.

पिढी बदलली तशी गाडी बदलली आणि गाडीबरोबर शिकवण्याची ढबही. प्रीमियर पद्मिनीच्या काळात गिअरची दांडी स्टिअरिंगला चिकटलेली असे. उभ्या पट्टीत दांडी ओढायची आणि ढकलायची, आणि जड स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढताना घाम फुटायचा. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि तिची गिअरची दांडी दोन सीटांच्या मध्ये, जमिनीवर उतरली. शिक्षकाचा उजवा हात आता मुठीच्या अगदी जवळ आला. इथे चांगल्या आणि बऱ्या शिक्षकातला फरक कळतो. बरा शिक्षक विद्यार्थ्याच्या हातावर हात ठेवून गिअर टाकून देतो. चांगला मुठीखाली दांडीला नुसतं बोट लावून दिशा सुचवतो, आणि शेजारी बाई शिकत असेल तर तेही न करता “पुढे, सरळ” असं तोंडाने सांगतो. घरातली सून किंवा मुलगी शिकवायला बसू लागली की या अडचणीचा प्रश्नच मिटतो आणि सकाळच्या बॅचला सायकलवरून येणाऱ्या वहिन्यांची संख्याही वाढते. पॉवर स्टिअरिंग आल्यावर आप्पांची निम्मी वाक्यं कालबाह्य झाली. मुलाने ती गाळली. हेही कसबच.

पण खरा ग्रंथ रस्ता, आणि नशिराबादला तो ग्रंथ दारातच उघडा पडलेला आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३, गावाजवळूनच जळगावहून भुसावळकडे जातो. त्यामुळे अभ्यासक्रम आपोआप चढत्या भाजणीने लागतो. आधी गावाबाहेरचा मोकळा प्लॉट, मग शेतरस्ता, मग भादली स्टेशनकडचा वळणावळणाचा भाग आणि शेवटी महामार्ग, जिथे केळीचे ट्रक आणि सिमेंटचे बल्कर नवशिक्याची दयामाया करत नाहीत. यातला शेतरस्ता वरवर सोपा वाटतो, पण तिथला एक धडा शहरातल्या शाळांना माहीत नसतो. इथली माती काळी. पावसात डांबराच्या कडेला ती भुसभुशीत होते आणि साइडपट्टी खाली बसते. समोरच्याला जागा देताना डावं चाक खाली उतरलं की नवा हात घाबरून स्टिअरिंग जोरात उजवीकडे ओढतो. चाक कडेला घासतं, मग एकदम वर चढतं आणि गाडी समोरून येणाऱ्याच्या अंगावर झेपावते. म्हणून शिक्षक मुद्दाम, वेग कमी असताना, चाक खाली उतरवायला लावतो. “उतरलं तर उतरू द्या. रेस सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडी मंदावली की सावकाश वर घ्या.” अपघात होण्याआधी त्याची रंगीत तालीम करून घेणारा हा धडा मला सगळ्या अभ्यासक्रमाचा कळस वाटतो.

त्याच रस्त्यावर चाकांचा अंदाज शिकवला जातो, तोही विनासाधन. आपल्या उजव्या हाताच्या गाडीत उजवं चाक साधारण चालवणाऱ्याच्या समोरच असतं, ते कळायला कष्ट नाहीत. डावं कुठे आहे? सीटवरून पाहिल्यावर बोनेटचा मध्य रस्त्यावर जिथे टेकल्यासारखा दिसतो, साधारण तिथून डावं चाक जातं. रस्त्यावर लिंबू ठेवून ते चिरडायला सांगणारे शिक्षक आहेत. लिंबू फुटलं की विद्यार्थ्याला जो आनंद होतो तो लायसन्स मिळाल्यावरही होत नाही.

गाडीवरचा लाल ‘एल’ही पाहावा. नियमात त्याचं मोजमाप आहे: पांढरी पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस, अक्षराची उंची किमान १०, जाडी २ आणि तळाची रुंदी ९. जवळजवळ उंचीइतकाच पाय पसरलेलं हे अक्षर मागच्या ट्रकवाल्याला लांबून ओळखू येतं. गावातल्या पेंटरने हाताने काढलेल्या ‘एल’ला कधीकधी हलकासा झोक असतो. मापात बसत असेल तर तो झोक मला चालतो.

शेवटी वही. नमुना १४ मध्ये विद्यार्थ्यांची नोंद, फोटोसकट: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पत्ता, जन्मतारीख, शिकाऊ लायसन्सचा नंबर, परीक्षा पास झाल्याची तारीख. नमुना १५ मध्ये रोजचे तास, शिक्षकाची सही, विद्यार्थ्याची सही. चारचाकीसाठी नियम ३१ किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष १० तास मागतो. जुन्या घरच्या शाळेत या वह्यांची चळत असते आणि त्यात कधी बापाचं, पुढे त्याच्याच मुलाचं नाव सापडतं. शिकवणाऱ्याचं घर पिढीजात असलं की शिकणाऱ्यांचीही घराणी होतात.

आता चित्र बदलतंय. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. मैदानी भागात दोन एकर जागा, सिम्युलेटर, चाचणीचा ट्रॅक, आणि २९ तासांचा अभ्यासक्रम, त्यातले २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे. तिथे पास झालेल्याला आरटीओची चालवण्याची परीक्षा माफ. जुन्या १० तासांपुढे हे २१ तास निर्विवाद चांगले आहेत, त्यात कुरकुर करण्यासारखं काही नाही. पण शटरवाल्या शाळेकडे दोन एकर कुठून येणार? आणि दोन एकरांच्या सिमेंट ट्रॅकवर काळ्या मातीची साइडपट्टी कोण तयार करणार?

तेव्हा नाव घालायला जाल तर भिंतीवर नमुना ११ चं लायसन्स आहे का आणि त्याची पाच वर्षांची मुदत संपली नाही ना, एवढं बघा. मग डावीकडचा दरवाजा उघडून रबर आणि मॅट पाहा. आणि नमुना १५ च्या वहीत जितका वेळ स्टिअरिंग तुमच्या हातात होतं तेवढ्याच तासांपुढे सही करा, आप्पांनी कितीही प्रेमाने वही पुढे सरकवली तरी.