मेगाहर्ट्झचे गुणाकार

संगणकाची ओळख करून देणाऱ्या पुष्कळ पुस्तिकांत एक सूत्र असते: बसची वारंवारता गुणिले गुणक बरोबर प्रोसेसरची वारंवारता. सूत्राबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याला जोडून येणाऱ्या निष्कर्षाबद्दल, की मेगाहर्ट्झ जास्त म्हणजे संगणक तितक्याच पटीने वेगवान.

इथली बस म्हणजे शिरूरच्या स्टँडवरची एस.टी. नव्हे, हे मुलांना आधी सांगावे लागते. (शब्दाचे कूळ मात्र एकच, ‘ऑम्निबस’.) प्रोसेसर आणि मेमरी यांच्यात माहितीची ने-आण करणाऱ्या तारांचा हा जुडगा. उपमा हवीच असेल तर दौंडची घ्यावी. कॉर्ड लाइन होण्यापूर्वी मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. वाटेत गाडी कितीही पळवली तरी तो थांबा काही कमी होत नसे. प्रोसेसरचेही तसेच. आतली आकडेमोड गुणकाच्या पटीत धावते. पण हवी ती माहिती जवळच्या कॅशेत नसली, की बसच्या संथ तालावर ताटकळणे आलेच.

इंटेलचे दोन पेंटियम शेजारी ठेवून पाहावेत. १९९५ चा १३३: बस ६६, गुणक २. १९९६ चा १५०: बस ६०, गुणक अडीच. गाभा साडेबारा टक्के वेगवान, बस मात्र दहा टक्के मंद! मेमरीकडे वारंवार धाव घ्यावी लागणाऱ्या कामांत नव्याचा फायदा बराचसा वाहून जाई. नावावरही विसंबू नये. १९९४ च्या ४८६ डीएक्स-४ चा गुणक ४ नव्हे, ३ होता.

आणखी एक गोष्ट. ६६ गुणिले अडीच म्हणजे १६५, पण प्रोसेसरवर छापलेले असे १६६. कारण बस ६६ नव्हे, ६६ पूर्णांक दोन तृतीयांश मेगाहर्ट्झची. ही तफावत मुलांना खटकायला हवी. पुस्तिका ती न बोलता गिळतात.

हे सारे आज जसेच्या तसे शिकवणेही गैरच. एएमडीने २००३ पासून आणि इंटेलने २००८ पासून मेमरीचा नियंत्रक प्रोसेसरच्या आतच घेतला आणि ती जुनी बस हळूहळू गेली. आता १०० मेगाहर्ट्झ हा बहुधा नुसता ताल असतो. ३६ ने गुणला की ३.६ गिगाहर्ट्झ. गुणकही स्थिर नसतो, काम आणि तापमान पाहून क्षणोक्षणी बदलतो.

तेव्हा वर्गणीतून शाळेसाठी संगणक घ्यायचा झाला, तर शिक्षकांनी निकालपत्रकाची एकच फाइल दुकानातल्या दोन्ही यंत्रांवर उघडावी आणि घड्याळ लावून वेळ मोजावी.