लुगडं नेसलेला नट आणि मोबाइलवरचा प्रेक्षक

आवडत्या पात्राचा वेश घ्यायचा, त्याला आता कॉस्प्ले म्हणतात. शब्द नवा आहे, भांडण जुनं. 'हे पात्र याला शोभत नाही', 'बाईचं काम बाप्यानं का करावं' असं मोबाइलवर हजार लोक लिहितात. तेच लोक समोर बसले, तर काय करतात? आम्हाला त्यासाठी लांब जायची गरज नाही.

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात, साकोली, लाखांदूर, पवनीकडं, गावोगाव मंडई भरते. मंडईत दंडार असते. दंडारीत बाईची कामं परंपरेनं पुरुषच करतात. खडी गंमतीतला नाच्याही पुरुषच. लुगडं नेसून तो आला की टवाळी होते, शिट्ट्या वाजतात. पण शाहिराचे सवाल-जवाब रंगले की तेच लोक त्याच्या अदेला दाद देतात. तो कोणाचा पोरगा, कोणाच्या बांधावर राबतो, हे समोरच्यांना ठाऊक असतं.

आता त्याच नाचाची वीस सेकंदांची चित्रफीत घ्या. त्यात शाहीर नाही, कथा नाही, गाव नाही. उरतं काय? लुगड्यातला एक पुरुष. मग शेरा नाचावर पडत नाही, त्याच्या देहावर पडतो. आणि शेरा मारणाऱ्याला उद्या त्याच्या शेजारी धान कापायचं नसतं.

इथवर आलं की बहुतेक वक्ते 'आपलं गाव किती समजूतदार' म्हणून मोकळे होतात. आम्हाला ते पटत नाही. गणपत पाटलांनी मराठी तमाशापटांत नाच्या इतका अस्सल उभा केला, की तो शिक्का पडद्याबाहेरही त्यांना चिकटला. तेव्हा मोबाइल होता कुठं? २०१० साली आलेल्या 'नटरंग'वर लोकांनी जीव टाकला. सिनेमा आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. नाच्याचं काम करणाऱ्या माणसाला त्याचं स्वतःचं माणूसच नाकारतं, हीच त्याची गोष्ट. डोळे पुसून थिएटरबाहेर पडलेल्यांपैकी किती जणांनी आपल्या पोराला लुगडं नेसू दिलं असतं? (बालगंधर्वांच्या साड्यांची नक्कल मात्र भल्या घरच्या बायकांनी हौसेनं केली. मोठ्या नटाला सगळं माफ.)

म्हणजे गावची माफी मंडईच्या दिवसापुरती असते. सोमवारी तोच पोरगा डोळ्यांत काजळ ठेवून बाजारात आला, तर पारावर बसलेले काय बोलतील, ते आपण सगळे जाणतो. उलट मोबाइलवर शंभर शिव्यांत एखादी मुलगी त्याला विचारते, 'दादा, निऱ्या इतक्या नीट कशा बसवल्या?' पारावरून त्याला हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.