शंख महाग, कोरणारा स्वस्त

शंख घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: उजवा आहे का? उजवा म्हणजे दक्षिणावर्ती. निमुळतं टोक वर धरलं की त्याचं तोंड उजव्या हाताला उघडतं. आपल्या पूजेतला शंख, शास्त्रीय नावानं टर्बिनेला पायरम, सहसा डावीकडे उघडतो. उलट फिरलेला फार क्वचित सापडतो. त्यात लक्ष्मीचा वास आहे असं ठरलं आणि भाव चढला. मग बाजारानं तोड काढली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात व्हेल्क नावाचा शंख मिळतो, तो जातीनंच उलटा. तोच दक्षिणावर्ती म्हणून खपवला जातो. ओळखायला भिंग लागत नाही. तोंडातून आतल्या दांडीकडे पाहावं: अस्सल शंखाच्या दांडीवर तीन-चार ठसठशीत वळ्या असतात, व्हेल्कची दांडी गुळगुळीत.

एवढा खटाटोप निसर्गाच्या एका चुकीसाठी! ज्या शंखावर माणसाच्या हातानं काम केलेलं असतं, त्याचा भाव मात्र सेंटिमीटरवर ठरतो.

हे काम प्रामुख्यानं बंगालचं. बांकुडा जिल्ह्यातली विष्णुपूर आणि हाटग्राम ही त्याची नावाजलेली ठिकाणं. कच्चा शंख मन्नारच्या आखातातून आणि श्रीलंकेतून येतो. शंखाऱ्यांचा, म्हणजे शंखकाम करणाऱ्यांचा, मूळ धंदा सवाष्णींच्या पांढऱ्या बांगड्यांचा. जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ साली या शंखावर लिहिलेल्या ग्रंथात तो तपशिलानं नोंदवला आहे. अख्ख्या शंखावर दशावतार, सहकुटुंब दुर्गा किंवा कृष्णार्जुनाचा रथ कोरणं ही त्याच्या वरची पायरी.

शंखाचं पोट गोल, कुठंच सपाटी नाही. दुर्गेचे दहा हात त्या उतारावर बसवायचे, ही खरी परीक्षा. चांगल्या कामात आजूबाजूची जमीन खोल उतरवलेली असते, हात उठावात मोकळे सुटतात आणि बोटाला प्रत्येकाची कड लागते. सुमार कामात हात म्हणजे नुसते ओरखडे, आणि मधली जागा वेलबुट्टीनं ठासून भरलेली. तसं भरावं लागतं, कारण गिऱ्हाईक मूर्ती मोजतं. वास्तविक शंखाची स्वतःची दुधाळ झिलई हेच त्याचं सौंदर्य. ती मोकळी ठेवायची छाती आज फार थोड्या कामांत दिसते.

यासाठी सगळा दोष यंत्राला देण्याची सवय आहे. तो पूर्ण खरा नाही. अर्धगोल करवतीनं शंख हातानं कापणं हे अंग मोडून काढणारं काम होतं; विजेच्या करवतीनं ते वाचवलं, हे चांगलंच झालं. बिघाड पुढं आहे. फिरत्या टोच्यानं घाईत मारलेल्या खाचा एकाच रुंदीच्या निघतात, आणि देवीचा डोळा नि सिंहाची आयाळ एकाच रेघेत उरकली जाते.

दुसरी उणीव कोरणाऱ्याच्या नावाची. सतराव्या शतकातला ॲमस्टरडॅमचा कॉर्नेलिस बेलेकिन आपण कोरलेल्या नॉटिलस शिंपल्यांवर सही करायचा. आज संग्रहालयं त्या सहीवरून त्याला ओळखतात. इटलीतल्या टोरे देल ग्रेको गावात १८७८ साली पोवळ्याच्या कोरीवकामाची शाळा निघाली. शिंपल्यांचे कॅमिओ हीही त्या गावाची ख्याती. तिथले कारागीर वरचा पांढरा थर कोरून खालच्या तपकिरी थराची पार्श्वभूमी करतात. बंगालच्या शंखशिल्पींनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आहेत, पण दुकानातल्या चिठ्ठीवर बहुधा ‘बंगाल शंख’ एवढंच. त्यामुळे पुरस्कारप्राप्त हात आणि शिकाऊ हात एकाच फळीवर, एकाच भावात.

इटालियन कॅमिओंच्या मोहात पडणाऱ्यांनी कायदा पाहून घ्यावा. तिथं वापरला जाणारा सिप्रिकॅसिस रूफा आणि नॉटिलस या दोन्ही जातींना भारतानं २००१ साली वन्यजीव कायद्याचं संरक्षण दिलं. आजोबांच्या कपाटातला नॉटिलसही बिनधास्त विकता येईल असं समजू नये.

कपाटाचंही एक दुखणं आहे. लाकडातून, विशेषतः ओक आणि प्लायवुडमधून, आम्लाची वाफ सुटते आणि बंद कपाटात शंखावर पांढरी भुकटी धरते. शंख-शिंपल्यांचे अभ्यासक लॉफ्टस बाइन यांनी १८९९ साली याला जंतूंचा रोग मानलं. तो रोग नव्हे, रासायनिक झीज आहे, आणि त्यात बारीक कोरीवकाम आधी जातं. विकणारा तीच भुकटी जुनेपणाची खूण म्हणून दाखवू लागला, तर किंमत उतरवून मागावी.