शेलचा धडा वेग शिकवतो, थांबायला शिकवत नाही

पीएचडीला लागलात की पहिल्या काही महिन्यांत कुणीतरी सीनियर तुम्हाला सांगणारच, "अरे, शेल स्क्रिप्टिंग शिकून घे." आणि मग बहुतेक वेळा लिंक येते ती सॉफ्टवेअर कारपेंट्रीच्या 'द युनिक्स शेल' या मोफत धड्याची. संशोधकांना कामापुरतं कॉम्प्युटिंग शिकवणारा हा उपक्रम १९९८ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत सुरू झाला. धडा मी दोनदा केलाय, ज्युनियर्सना शिकवलाही आहे. चांगला आहे. पण अपुरा आहे, आणि हा अपुरेपणा मला महागात पडलाय.

आधी चांगलं सांगतो. धड्याची नायिका नेल नेमो ही सागरी जीवशास्त्रज्ञ. तिच्याकडे १५२० नमुने आहेत. प्रत्येक फाइल हाताने उघडून प्रोग्राम चालवायचा, फाइलमागे ३० सेकंद धरले, तरी साडेबारा तासांहून जास्त वेळ जातो. तेच काम लूपच्या तीन-चार ओळींत होतं. हा फायदा कुणालाही लगेच पटतो.

पण मला त्याहून आवडते ती दुसरी गोष्ट. नेल कामाला लागण्याआधी प्रत्येक फाइलच्या ओळी मोजते. सगळीकडे ३०० ओळी, एका फाइलमध्ये मात्र २४०. एका आज्ञेत खराब डेटा सापडला! शिवाय लूप खरोखर चालवण्याआधी 'एको' लावून नुसत्या आज्ञा छापून बघायच्या, ही सवयही धडा लावतो. वेळ वाचतो हे खरंच, पण आपण नेमकं काय केलं याची लेखी नोंद राहते, हा संशोधनातला मोठा फायदा. सहा महिन्यांनी गाइडनी विचारलं, "हा आकडा कुठून आला?" तर स्क्रिप्ट उघडून दाखवता येते.

आता तक्रार. आज्ञा फसल्यावर स्क्रिप्ट थांबवायची कशी, याला धड्याच्या मुख्य प्रकरणांत जागाच नाही. शेलचा स्वभाव असा, की एक ओळ फसली तरी ते पुढची ओळ चालवतं. माझ्या स्क्रिप्टमध्ये दोन ओळी होत्या: 'सीडी'ने तात्पुरत्या फाइल्सच्या फोल्डरमध्ये जा, मग 'आरएम'ने तिथलं सगळं पुसून टाक. फोल्डरच्या नावात माझी एका अक्षराची चूक झाली. 'सीडी' फसलं, आणि 'आरएम' चाललं ते मी जिथे होतो तिथेच, म्हणजे मोजमापांच्या फोल्डरमध्ये. मूळ फाइल्स उपकरणाच्या कॉम्प्युटरवर होत्या म्हणून वाचलो. पण त्याच फोल्डरमध्ये ठेवलेली, हाताने केलेली अकरा दिवसांची वर्गवारी गेली ती गेलीच.

पुसलेलं परत येत नाही, हे धडा सांगतो. पण आधीची आज्ञा फसल्यावर स्क्रिप्टने पुसण्याआधी थांबायचं कसं, हे सांगत नाही. उपाय स्क्रिप्टच्या पहिल्या काही ओळींत मावतो. 'सेट -ई' लिहिलं की आज्ञा फसताच स्क्रिप्ट थांबते. 'सेट -यू' लिहिलं की किंमत न दिलेलं व्हेरिएबल वापरताच थांबते. आणि बॅशमध्ये 'पाइपफेल' चालू केलं की पाइपमधली मधलीच आज्ञा फसली तरी कळतं. नाहीतर फक्त शेवटच्या आज्ञेचा निकाल धरला जातो. हेही रामबाण नाही. 'इफ'च्या अटीत फसलेल्या आज्ञेला 'सेट -ई' सोडून देतं. पण माझे अकरा दिवस नक्की वाचले असते.

तेव्हा धडा जरूर करा, सातही प्रकरणं करा. फक्त शेवटचं पान संपल्यावर थांबू नका. तुमच्या स्क्रिप्टमध्ये मुद्दाम एका फोल्डरचं नाव चुकवा (आधी डेटाची कॉपी ठेवून, बरं का!) आणि ती पुढे काय करते ते बघा. ती थांबली नाही, तर खऱ्या डेटावर चालवायला ती अजून तयार नाही.