कानांनी बघायचा मराठी सिनेमा

जुना सिनेमा बघताना त्या काळाच्या खुणा आपण डोळ्यांनीच वेचतो : नऊवारी, फियाट, भिंतीवरचं कॅलेंडर. माझ्या मते काळ जास्त खरा सापडतो तो आवाजात. कपडेपट ठरवून आणता येतो. कोणाची बोली घासूनपुसून घ्यायची आणि कोणाची तशीच राहू द्यायची, हे मात्र त्या त्या काळाच्या अंगवळणी पडलेलं असतं. करणाऱ्याच्याही ते लक्षात येत नाही.

‘प्रभात’चा ‘कुंकू’ (1937) आज ऐकताना दचकायला होतं. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झालेली, सगळे नव्या ध्वनीवर लट्टू, आणि व्ही. शांताराम पार्श्वसंगीतच काढून टाकतात. उरतात ते घरातले आवाज. बिजवर काकासाहेबांच्या घड्याळाचे टोल संगीताखाली बुडत नाहीत, आणि फसवून लग्न लावून दिलेल्या नीराचा नकारही बुडत नाही. शांता आपटे यांची ही नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. शिकलेल्या मुलीचं काय करायचं, या तेव्हाच्या मध्यमवर्गाच्या धास्तीला इतकं नेमकं उत्तर भाषणानेही देता आलं नसतं. (भाषणंही आहेत चित्रपटात, ती तितकी टिकलेली नाहीत.) त्याच्या आदल्याच वर्षी ‘संत तुकाराम’मध्ये गौरी यांची आवली ज्या ठसक्यात संसाराचं रडगाणं मांडते, त्यापुढे विमान आणणारी ट्रिक फोटोग्राफीही फिकी पडते.

पुढे कॅमेरा स्टुडिओबाहेर पडला आणि गंमत अशी की कान मात्र स्टुडिओतच राहिले. बाहेर नेता येणारे हलके कॅमेरे खडखडाट करत, म्हणून संवाद नंतर डबिंगच्या खोलीत भरायचे. गावाचं चित्र खरं, आवाज बंद खोलीतला. तमाशापटांच्या लाटेत तर गाव म्हणजे ढोलकी असं समीकरणच बसलं. ‘सांगत्ये ऐका’ (1959) पुण्याच्या ‘विजयानंद’मध्ये 131 आठवडे चालला; त्या यशाने मराठी पडद्यावरच्या खेड्याला पुढची कितीतरी वर्षं एकाच तालावर नाचवलं.

‘सिंहासन’ (1979) ने वेगळा आवाज पकडला, टेलिफोनचा. मुख्यमंत्र्यांना आलेल्या एका निनावी फोनने चित्रपट सुरू होतो आणि मंत्रालयातलं राजकारण कुजबुजीवर चालतं हे पहिल्या काही मिनिटांतच कळतं.

डिजिटल कॅमेरे आले, ते आवाज करत नाहीत. कपड्यात लपणारे वायरलेस माइक स्वस्त झाले आणि जागेवरच संवाद टिपणं परवडू लागलं. त्यामुळे बोली ऐकू येऊ लागल्या, असं म्हणणं मात्र अर्धंच खरं. यंत्र हाती होतंच. बोली ज्यांच्या तोंडची, ते दिग्दर्शनाच्या खुर्चीत आले तेव्हा फरक पडला. ‘फँड्री’ (2013) हे नावच कैकाडी बोलीतलं. त्यातला डुक्कर पकडण्याचा प्रसंग आठवा. गाव तमाशा बघतंय, शाळकरी जब्याचं कुटुंब धापा टाकत धावतंय, डुक्कर हाताशी आलंय, आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या ताठ उभा राहतो, मग घरचे थांबतात. डुकराला अर्थातच असली बंधनं नाहीत. दिग्दर्शक नागराज मंजुळे इथे एक शब्द बोलत नाहीत. शाळेतून आलेला आवाज आणि समोरचं चित्र एकमेकांसमोर उभं करतात, बस्स. ‘सैराट’ (2016) च्या संगीतासाठी हॉलिवूडमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित झाला. ती भव्यता पहिल्या भागातल्या प्रेमाला शोभते; शेवटी दिग्दर्शक आवाजच काढून घेतो, तेव्हा आधीच्या वाद्यमेळाची किंमत वसूल होते. पुढे ‘सैराट’मधल्या बोलीची नक्कल विनोदासाठी सर्रास सुरू झाली, हा भाग वेगळा.

‘कोर्ट’ (2014) मध्ये चैतन्य ताम्हाणे कॅमेरा लांब ठेवून वकिलांना कलमं, तारखा, कंटाळवाणे उतारे वाचू देतात. खटला चाललेल्या शाहिराच्या गाण्यापेक्षा त्या कंटाळ्याची भीती वाटते.

गेल्या काही वर्षांत ‘फर्जंद’, ‘पावनखिंड’ यांसारख्या शिवकालीन चित्रपटांनी प्रेक्षक थिएटरात आणला. निर्मात्यांना त्याचं मोल मोठं. पण यांत ढोल थांबतच नाहीत. प्रत्येक संवादाखाली तुतारी वाजत असेल, तर मावळ्याला श्वास लागल्याचं कळायचं कसं? आजच्या सार्वजनिक बोलण्यातला चढा सूर या ध्वनिपट्टीत जसाच्या तसा उतरलाय. त्या अर्थाने हे चित्रपट सतराव्या शतकापेक्षा आपल्याच दिवसांचा दस्तऐवज आहेत.

याच दिवसांत रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ (2025) सनडान्सला मोठा पुरस्कार मिळवून आला. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेला मुंबईचा आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांच्या प्रेमाची ही गोष्ट. तिला पार्श्वसंगीत नाही. दुखवट्याला आलेले नातलग हळूच आनंदच्या लग्नाचा विषय काढतात, तेव्हा सगळे प्रश्नच ऐकू येतात. उत्तर द्यायला आनंद किती वेळ घेतो, तेही ऐकू येतं.