पंख दिले, इंजिन काढलं
‘चिटी चिटी बँग बँग’ (१९६८) या सिनेमातली मोटार उडते, आणि मला तेच खटकतं. जिचं नाव तिने घेतलं, ती मूळ मोटार उलट आकाशाची ताकद रस्त्यावर आणणारी. काउंट झ्बोरोव्स्कीने मर्सिडीजच्या सांगाड्यावर मायबाखचं २३ लिटरचं विमान-इंजिन चढवलं. १९२१ मध्ये ब्रुकलँड्सला शर्यती जिंकल्या. आमच्या संभाजीनगरात वाळूजच्या रस्त्यावर धावणाऱ्या दीडशे सीसीच्या सुमारे दीडशे मोटारसायकली एका बॉनेटखाली! त्या गडगडाटात महायुद्ध शिल्लक होतं. १९२४ मध्ये मोन्झाच्या शर्यतीत झ्बोरोव्स्की गेला. सिनेमाच्या गाडीत मात्र फोर्डचं तीन लिटरचं इंजिन. मुलांना पंख मिळाले. भीती गाळली गेली. भीतीवाचून वेगाची गोष्ट मला अर्धीच वाटते.